पैसा कोणाच्या हाती?

मदत हवी असलेल्या माणसाच्या हाती मदतीचे पैसेच दिले तर? इंग्लंडमध्ये १९४८च्या कायद्याने याला मनाई होती. स्थानिक कौन्सिल अपंगांसाठी सोय करी. रोख रक्कम मात्र देत नसे.

अपंगांच्या चळवळीने नेट लावल्यावर १९९६ साली कायदा बदलला. मदतनीस कोण आणि तो कधी येणार, हे आता ज्याचे त्याला ठरवता येऊ लागले. पण अट होती: पैसे घ्यायला त्याची संमती हवी आणि व्यवहार त्याला, निदान कुणाच्या मदतीने, जमायला हवा. मला ही अट फार बोचते. संमती म्हणजे काय हेच ज्यांना उमगत नाही, अशी बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे दाराबाहेरच राहिली. काही कुटुंबांनी विश्वस्त निधी काढून वाट शोधली. कायद्याने दार उघडले ते २००९मध्ये. त्यांच्या वतीने जवळची योग्य व्यक्ती पैसे घेऊ लागली.

दरम्यान २००५ ते २००७ या काळात तेरा कौन्सिलांत वैयक्तिक निधीचा प्रयोग झाला. मानसिक आजार असलेल्यांचे जगणे त्याने सुधारलेले दिसले. वृद्धांना मात्र, नवल नाही, त्याचा जाचच झाला. हिशेब ठेवा, माणसे शोधा!

२०१५पासून पात्र व्यक्तीला आपल्या वाट्याची रक्कम कळण्याचा हक्क आहे. ती किती, हे अजूनही कौन्सिलच ठरवते.