क्रांती चौकातून वाळूजकडे

संध्याकाळी क्रांती चौकात उभा राहिलो की वाळूजच्या कंपन्यांच्या बसेस जाताना दिसतात. इथेच काळा चबुतरा. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना इथे मृत्युदंड दिला, म्हणून चौकाला हे नाव. ती आठवण शहराने जपली. पण ३१ डिसेंबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले ६ कामगार गेले, ते किती जणांच्या लक्षात आहे?

धोका आधी कळावा म्हणून माणूस दोनशे वर्षं डोकं लावतोय. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने खाणीसाठी जाळीचा दिवा केला. आतली ज्योत बाहेरच्या वायूला पेटवत नसे, आणि मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी चढायची. म्हणजे दिवाच सेन्सर! मग विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी आले. ब्रिटनने ते हटवायचं ठरवलं थेट १९८६ मध्ये. त्याआधीच, १९६२ ला जपानच्या नाओयोशी तागुचींनी टिन ऑक्साइडचा सेन्सर शोधला होता. तापवलेल्या टिन ऑक्साइडला ज्वलनशील वायू लागला की त्यातून वीज सहज वाहते, आणि अलार्म वाजतो.

धुराचा अलार्म तर त्याहून साधा. आत एक प्रकाशझोत असतो, धुराने तो विखुरला की भोंगा. साध्या मोबाइलपेक्षाही स्वस्त मिळतो.

वाळूज, चिकलठाण्यात ज्यांचं युनिट आहे त्यांना विचारतो: रात्री पोरं आत झोपतात का? तिथे अलार्म आहे का? आणि दुसरं दार आतून उघडतं का? आजच बघून या, कमेंटमध्ये सांगा.