पाहुणा, सीमा आणि कारखाना

परराष्ट्राचा प्रमुख आपल्या दारी येतो तेव्हा लोकमताचे सहसा दोन तट पडतात. एक तट म्हणतो, अतिथी आहे, त्याचा सत्कार करा. दुसरा म्हणतो, याचे सैन्य आपल्या सीमेवर कुरापती काढते आहे, याला काळी निशाणे दाखवा. दोन्हींमागे मनापासूनची तळमळ असते. परंतु पिंपरी-चिंचवडपासून तळेगाव-चाकणपर्यंत पसरलेल्या आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात अशा भेटीचा एक तिसराही परिणाम होतो, आणि तो पगाराच्या दिवशी कळतो. चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात आले. त्या भेटीत आपल्या भागाच्या वाट्याला जे वचन आले, त्याचे पुढे काय झाले, हा अलीकडचा इतिहास आम्ही येथे मांडणार आहोत.

या पाहुण्याच्या देशाविषयी महाराष्ट्राच्या मनात दोन आठवणी फार दिवसांपासून शेजारी शेजारी नांदत आहेत. पहिली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करीत राहिले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले. दुसरी आठवण १९६२ ची. १९५४ साली पंचशीलाचा करार झाला. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय त्या वर्षी आणि पुन्हा १९५६ मध्ये आले तेव्हा भाई-भाईच्या घोषणांनी त्यांचे स्वागत झाले. एप्रिल १९६० मध्ये तेच चौ एन-लाय दिल्लीत आले तेव्हा तिबेटचा प्रश्न पेटलेला होता, सीमेवर रक्त सांडलेले होते, आणि विरोधी पक्षांनी निदर्शनांनी त्यांना सामोरे जाणे पसंत केले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी आक्रमण झाले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे लोक अभिमानाने म्हणू लागले. त्याच वर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले होते. त्याच्या भूखंडांवर पुढे आपला बराचसा पट्टा उभा राहिला. म्हणजे आपल्या औद्योगिक वसाहतीचे आणि आपल्या या जखमेचे जन्मवर्ष एकच आहे.

पुढे संबंध सुधारले आणि व्यापार वाढला. तो कसा वाढला याचे उदाहरण पिंपरीतच आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने निघाला आणि दुसऱ्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. स्वतंत्र भारत स्वतःचे औषध स्वतः करतो, याची ती पहिली ग्वाही होती. परंतु पुढील काळात पेनिसिलिन-जी हे मूळ द्रव्य चीनमधून इतके स्वस्त येऊ लागले की, देशातील कारखान्यांना ते काढणे परवडेना. एकामागून एक त्यांनी ते बंद केले. येथे कोणी पाहुणा आला नव्हता, कोणी काळे निशाण दाखवले नव्हते. केवळ भावातल्या फरकाने हा बदल घडवला.

आता २०१४ कडे वळू. १७ सप्टेंबरला शी जिनपिंग अहमदाबादेस उतरले. साबरमतीच्या काठी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि ते झोपाळ्यावर बसले, ते छायाचित्र घरोघर पोहोचले. त्याच दिवसांत लडाखमध्ये चुमार येथे दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली होती. दिल्लीत निर्वासित तिबेटी तरुणांनी निदर्शने केली आणि पोलिसांनी त्यांना पकडले. दिल्लीतच कोटणीसांच्या वृद्ध भगिनींना चीनच्या अध्यक्षांनी सन्मानाने भेट दिली. स्वागत, संताप आणि कृतज्ञता ही सारी एकाच भेटीत सामावली.

व्यापाराच्या वाटाघाटीही झाल्या. वर्ष २०१३-१४ मध्ये चीनशी असलेल्या व्यापारात आपल्याला सुमारे ३६ अब्ज डॉलरची तूट होती, तेव्हा तक्रार करायला जागा होती. चीनने पाच वर्षांत २० अब्ज डॉलर गुंतवण्याचा प्रयत्न करू असे सांगितले, आणि भारतात दोन औद्योगिक वसाहती काढण्याचे ठरले. एक गुजरातेत; दुसरी महाराष्ट्रात, पुण्याच्या परिसरात, मोटारउद्योगासाठी. पाहुणा पुण्याकडे फिरकला नाही, पण त्याचे वचन पुण्याच्या नावे लिहिले गेले. फोटान या चिनी मोटारकंपनीने तर त्याआधीच चाकणला कारखाना काढण्याचा मनोदय जाहीर केला होता.

प्रत्यक्षात काय झाले? फोटानचा चाकणचा तो मोठा कारखाना उभा राहिला नाही. चीनमधून थेट आलेली गुंतवणूक, सरकारी नोंदीप्रमाणे, एप्रिल २००० पासूनच्या चोवीस वर्षांत मिळून अडीच अब्ज डॉलरच्या आसपास राहिली. वीस अब्जांचे वचन आणि ही रक्कम यांतले अंतर कोणालाही दिसेल. याउलट बांधकामाची अवजड यंत्रे करणारी सॅनी कंपनी चाकणला आणि शीतकपाटे करणारी हायर कंपनी रांजणगावला या भेटीच्या कितीतरी आधी आली होती. त्यांच्यासाठी झोपाळा बांधावा लागला नाही. जमीन, वीज, रस्ता, बाजारपेठ आणि कुशल हात पाहून त्या आल्या व टिकल्या. भेटीत जाहीर होतो तो बहुधा सामंजस्य करार. त्याने इच्छा प्रकट होते. जबाबदारी कोणावर पडत नाही.

या गोष्टीचा सर्वांत कठीण अध्याय २०२० चा आहे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ साली सुरू झाला होता. कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली, तरी निर्यातीसाठी तेथे गाड्या तयार होत होत्या. जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल या चिनी कंपनीने तो विकत घेण्याचे ठरवले. एप्रिलमध्ये केंद्र सरकारने नियम केला की, भूसीमा लागून असलेल्या देशातून येणाऱ्या गुंतवणुकीस पूर्वपरवानगी लागेल. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने दूरदृश्य यंत्रणेवरून समारंभपूर्वक बारा करार केले. त्यांत तीन चीनशी संबंधित होते, एकंदर ५,०२० कोटी रुपयांचे, आणि त्यांतले ३,७७० कोटी एकट्या ग्रेट वॉलचे. त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात कर्नल संतोष बाबू यांच्यासह आपले वीस जवान धारातीर्थी पडले.

देश संतापला. ठिकठिकाणी चिनी मालाच्या होळ्या झाल्या, बहिष्काराच्या शपथा घेतल्या गेल्या. आठवड्याच्या आत राज्य शासनाने ते तीन करार जैसे थे ठेवल्याचे सांगितले. हा संताप सर्वस्वी न्याय्य होता, असेच आम्ही म्हणू. ज्या रात्री आपली मुले मारली जातात त्याच्या दुसऱ्या दिवशी हिशेबाची भाषा कोणाला सुचावी? पण त्या निर्णयाचे मोल कोणी चुकते केले, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. हजाराहून अधिक कामगार उघड्यावर आले. त्यांच्या संघटनेने शासनाचे आणि न्यायालयाचे दरवाजे ठोठावले. केंद्राची परवानगी काही आली नाही, आणि २०२२ च्या मध्यास ग्रेट वॉलचा व्यवहार बारगळला. २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंडाईने कारखाना घेण्याचा करार केला, तेव्हाही जुन्या कामगारांना सामावून घ्या ही मागणी उभीच होती. सीमेचे रक्षण साऱ्या देशासाठी होते. त्याची आर्थिक किंमत मात्र एका कारखान्यातील कामगारांच्या घरांनी भरली, आणि ती वाटून घेण्याची व्यवस्था कोणी केली नाही.

बरे, एवढी किंमत देऊन व्यापाराचे पारडे तरी फिरले काय? नाही. २०२४-२५ मध्ये चीनशी आपली तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर झाली, म्हणजे शी जिनपिंग आले त्या काळाच्या पावणेतीनपट. बाजारातले चिनी खेळणे आणि आकाशकंदील आपण नाकारू शकलो. कारखान्यात जाणारा सुटा भाग नाकारता आला नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांपासून होणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि आकुर्डीच्या बजाज ऑटोला विजेवर चालणाऱ्या चेतकचे उत्पादन कमी करावे लागले. तळहातावर मावणाऱ्या चुंबकापायी राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव ल्यालेली गाडी अडून बसली! त्या ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, तेव्हा बोलण्यात हाही विषय होता. २०१४ मध्ये आपण त्यांच्या भांडवलाची वाट पाहत होतो; २०२५ मध्ये त्यांच्या चुंबकाची.

यावरून आम्हांला वाटते ते असे. पाहुण्याचा सत्कार करणारा आणि निषेध करणारा, दोघेही त्याच्या भेटीला तिच्या योग्यतेहून अधिक महत्त्व देतात. निषेध हा नागरिकाचा हक्क आहे, आतिथ्य हा राज्याचा धर्म आहे, दोन्ही राहोत. पण जे नगर यंत्रावर जगते त्याने भेटीच्या दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. जाहीर झाले त्यात बांधून घेणारे किती आणि नुसते इच्छेचे किती? सीमेवर वीज कडाडली तर पहिली झळ कोणाच्या घराला लागेल, आणि त्या घरासाठी कोणती तरतूद केली आहे? आणि ज्या वस्तूवाचून आपले चाक थांबते, ती वस्तू आपण स्वतः करायला केव्हा शिकणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पिंपरीने १९५५ साली एकदा दिले होते. ते पेनिसिलिनपुरते होते, आणि आपण ते टिकवले नाही. पुढचा पाहुणा येईल तेव्हा हार आणि काळी निशाणे दोन्ही असतीलच. त्यांच्या जोडीला हे प्रश्न विचारणारे नागरिकही हवेत, आणि तळेगावच्या त्या कामगारांचा हिशेब त्यांना पाठ असायला हवा.