लग्नातल्या जोडप्याचा फोटो: चांगला कशाला म्हणायचं आणि खटकलं तर सांगायचं कसं?

लग्न झाल्यावर काही आठवड्यांनी फोटोग्राफरकडून लिंक येते. शेकडो फोटो असतात आणि त्यातून अल्बमसाठी निवड करायची असते. भिंतीवर लावायला तर एकच हवा असतो. आईला एक आवडतो, नवरीला दुसरा आणि नवरा म्हणतो, "कुठलाही चालेल." मग 'हा छान आहे' आणि 'यात काहीतरी खटकतंय' याच्यापुढे चर्चा सरकत नाही.

नेमकं काय खटकतंय हे सांगता आलं नाही, तर फोटोग्राफर तरी काय दुरुस्त करणार? आणि काही चुका नंतर दुरुस्त होतच नाहीत, कारण फोटोसाठी लग्न पुन्हा लागत नाही. म्हणून जोडप्याचा फोटो रचताना आणि नंतर तपासताना काय बघायचं, ते समजून घेऊया. उदाहरण म्हणून विलेपार्ल्यातलं मराठी लग्न डोळ्यांसमोर ठेवू. सकाळी पार्ले पूर्वेच्या हॉलमध्ये विधी, संध्याकाळी जुहूच्या किनाऱ्यावर फोटो.

पोर्ट्रेट आणि कॅन्डिडमध्ये फरक काय?

कॅन्डिड म्हणजे घडताना टिपलेला क्षण. हार घालताना नवरी हसली, फोटोग्राफरनं टिपली. पोर्ट्रेटमध्ये दोघांना ठरवून उभं केलेलं असतं. जागा, उजेड, हात, नजर, सगळं विचार करून.

'पोज दिलेला फोटो खोटा आणि कॅन्डिड खरा' असं आता अनेकांना वाटतं. पण दोघांचं काम वेगळं आहे. कॅन्डिड त्या दिवशी काय झालं ते सांगतो. पोर्ट्रेट ही दोन माणसं कोण आहेत आणि एकमेकांची कोण आहेत, हे सांगतो. त्यामुळे पोर्ट्रेट बघताना पहिला प्रश्न हाच: यात दोन माणसं आहेत, की एक नटलेली नवरी आणि तिच्या बाजूला उभा राहिलेला एक माणूस?

जुन्या फोटोंतली जोडपी इतकी ताठ का?

मुंबईत फोटोग्राफी फार लवकर आली. 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' १८५४ साली सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ नारायण दाजी हे त्या काळातल्या पहिल्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. तेव्हा एका फोटोसाठी काही सेकंद अजिबात न हलता थांबावं लागायचं. हसू तेवढा वेळ टिकत नाही, म्हणून चेहरे गंभीर. डोकं स्थिर राहावं म्हणून मागून आधारही लावला जायचा.

एक जण खुर्चीत आणि दुसरा उभा, ही मांडणीही तेव्हाचीच. याचा फायदा असा की उभ्या चौकटीत दोन्ही चेहरे जवळ येतात आणि बसलेला माणूस कमी हलतो. पण त्याचा अर्थही निघतो. नवरा खुर्चीत ऐसपैस आणि बायको मागे खांद्याशी उभी, हा फोटो घरातला मान कुणाचा हेही सांगून जातो. तंत्राची अडचण कधीच संपली, तरी ही मांडणी सवयीनं चालू राहिली. आजही कुणी बसायला सांगितलं तर खुर्ची कुणाला मिळते, ते बघा.

युरोपातलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे यान व्हॅन आयक यानं १४३४ साली रंगवलेलं अर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र. ते आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते लग्नाचंच आहे का, यावर अभ्यासकांमध्ये वाद आहे. पण त्यात डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड, मध्ये एकमेकांत धरलेले हात आणि नजरेची दिशा एवढ्यावर दोघांचं नातं उभं केलंय. आपण फोटोत बघायचं तेही हेच: उजेड, हात, नजर.

नवरी कुठल्या बाजूला उभी राहते?

बहुतेक मराठी घरांत लग्न लागल्यावर बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला असते. फोटो बघणाऱ्याला ती उजवीकडे दिसते. याचा कॅमेऱ्यासाठी चांगलाच उपयोग होतो.

आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात. नवऱ्याच्या डावीकडे उभी असलेली नवरी त्याच्याकडे किंचित वळली की तिचा डावा गाल कॅमेऱ्यासमोर येतो. नथ पूर्ण दिसते. पदर डाव्या खांद्यावर असेल तर पैठणीचं कामही समोर येतं. बाजू बदलल्या आणि ती नवऱ्याकडे वळली की नथ नाकाआड जाते आणि पदरही मागे राहतो. म्हणजे 'इथेच उभी राहा' असं आजी सांगते, तेव्हा ती नकळत कॅमेऱ्याचाही विचार करत असते.

यावरून आणखी एक गोष्ट तपासता येते. नथ उजव्या नाकपुडीत दिसत असेल तर फोटो बहुधा उलटा झालाय. काही फोनमध्ये सेल्फी आरशातल्यासारखी साठवली जाते, तेव्हा असं होतं.

मुंडावळ्या, फेटा, चुडा

मराठी नवरा-नवरीच्या पोशाखाच्या काही खास अडचणी आहेत.

मुंडावळ्या: दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या सरी चेहरा वळला की डोळ्यावर येतात. क्लिक करण्याआधी त्या कानाजवळ सारून घ्याव्या लागतात. हे काम करवलीला आधीच सांगून ठेवा.

फेटा किंवा पगडी: वरून उजेड असेल तर कपाळावर आणि डोळ्यांत सावली पडते. फेट्यानं नवऱ्याची उंची काही इंचांनी वाढते, ती वेगळीच. उंचीत खूप फरक असेल तर नवरीला एक पायरी वर उभं करणं सोपं. दोन्ही डोकी एका रेषेत मात्र नकोत. एकाचे डोळे दुसऱ्याच्या ओठांच्या पातळीला आले की नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर सहज जाते.

हिरवा चुडा: चौकट मनगटावर कापली गेली तर चुडा अर्धा राहतो आणि हातही तुटल्यासारखा वाटतो. मनगट, कोपर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर फोटो कापायचा नाही, हा नियम म्हणूनच आहे. कापायचाच तर मांडीच्या मध्यावर किंवा कंबरेच्या थोडा वर.

अंतरपाट: नवरा-नवरी समोरासमोर असूनही एकमेकांना दिसत नाहीत. फोटोग्राफर बाजूला, अंतरपाटाच्या रेषेत उभा राहिला तर कापड मध्ये उभ्या रेघेसारखं येतं आणि दोघांचे चेहरे दोन्हीकडे दिसतात. मागे उभे राहिले तर फक्त पाठी आणि मामा मिळतात.

हॉलमधला उजेड

हॉलमध्ये अनेकदा छतावर पांढरे दिवे, स्टेजवर पिवळे आणि मागे जांभळे-गुलाबी एलईडी असतात. प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा. मग एका गालावर पिवळा आणि दुसऱ्यावर जांभळा रंग येतो. हे नंतर दुरुस्त करणं कठीण. उपाय साधा आहे. पोर्ट्रेट स्टेजवर काढूच नका. नवरीच्या खोलीतली मोठी खिडकी शोधा, तिथले दिवे बंद करा आणि दोघांना खिडकीच्या बाजूला उभं करा.

ही दहा मिनिटं मुहूर्ताआधी काढायची की नंतर, हे घरच्यांशी आधीच बोला. अक्षता पडल्या की स्टेजपुढे आहेराची रांग लागते आणि ती पंगतीपर्यंत हलत नाही.

फोनवर फोटो काढणाऱ्यांसाठी: नेहमीची लेन्स रुंद असते. जवळून काढलं तर चौकटीच्या कडेचा चेहरा ताणला जातो. दोन पावलं मागे जाऊन दोन पट झूम वापरा. कॅमेऱ्यावर ५० ते ८५ मिमीची लेन्स चालते. छिद्र फार उघडं ठेवलं, समजा एफ १.८, तर नवरी स्पष्ट आणि अर्धं पाऊल मागे असलेला नवरा धूसर, असं होऊ शकतं. दोघांसाठी एफ ४ च्या आसपास राहणं सुरक्षित.

जुहूच्या किनाऱ्यावर

जुहूचा किनारा पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. डिसेंबरमध्ये साधारण सहाला, मे महिन्यात सातनंतर. त्याआधीचा अर्धा-पाऊण तास महत्त्वाचा, तेव्हा हॉलमधून निघण्याची वेळ त्याप्रमाणे ठरवा.

समुद्राच्या फोटोत सर्रास दिसणारी चूक म्हणजे क्षितिजाची रेघ दोघांच्या मानेतून जाणं. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. कॅमेरा कंबरेइतका खाली आणला की रेघही कंबरेवर येते, डोकी मोकळ्या आकाशात जातात आणि मागची गर्दीही त्यांच्या आड लपते.

वरून ड्रोननं टिपायचा विचार असेल तर पार्लं विमानतळाला लागून आहे हे लक्षात ठेवा. इथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

नोंदणी विवाहात काय टिपायचं?

पार्ल्याशी जोडलेली दोन प्रसिद्ध लग्नं नोंदणी पद्धतीनंच झाली. पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचं लग्न १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत झालं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांची ओळख पार्ल्यात डॉ. राव यांच्या घरी झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांनी लग्न केलं.

आज विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार आधी ३० दिवसांची नोटीस आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. इथे हार-अक्षतांऐवजी सही हाच विधी असतो. पण सही करताना माणूस खाली बघतो आणि फोटोत फक्त केस येतात. म्हणून एकाची सही चालू असताना दुसऱ्याचा चेहरा टिपा. वाट बघणाऱ्या त्या चेहऱ्यावर सगळं असतं.

फोटो तपासायचा कसा?

लिंक उघडल्यावर हे पाच प्रश्न विचारा.

१. फोटो अंगठ्याएवढा छोटा केला तर दोन माणसं वेगळी ओळखू येतात का?
२. नजर कुठे आहे? दोघं एकमेकांकडे किंवा दोघं कॅमेऱ्याकडे, दोन्ही चालतं. ती त्याच्याकडे आणि तो लेन्सकडे असेल, तर ते ठरवून केलंय का?
३. चारही हात कुठे आहेत? हरवलेला किंवा घट्ट आवळलेला हात अवघडलेपणा दाखवतो.
४. कडांवर काय आहे? पंख्याचं पातं, पाण्याची बाटली, डोक्यातून उगवलेला खांब?
५. चेहऱ्याचा रंग आणि हाताचा रंग एकच आहे का?

शेवटच्या प्रश्नावर थांबायला हवं. एडिटिंगमध्ये नवरीला न विचारता गोरं केलं जातं, आणि बहुतेक वेळा फक्त तिलाच. चेहरा उजळतो, मान आणि हात मात्र तसेच राहतात. हळदीनं आलेला पिवळेपणा 'चूक' समजून काढला जातो, मग चुड्याचा हिरवा रंगही बदलतो. उजेड कमी असल्यामुळे फोटो उजळणं वेगळं आणि माणसाची त्वचा बदलणं वेगळं. उद्या मुलं हा फोटो बघतील तेव्हा त्यांना आई ओळखू आली पाहिजे. 'त्वचेचा रंग आहे तसाच ठेवा' हे वाक्य करार करतानाच लिहून घ्या.

खटकलं तर सांगायचं कसं?

"मजा नाही आली" म्हणू नका, काय दिसतंय ते सांगा. "डावीकडे हात मनगटावर कापलाय, मूळ फोटोत तो पूर्ण असेल तर तसा द्या." "माझा चेहरा हातापेक्षा उजळ दिसतोय, आधीचा रंग परत आणा." अशा वाक्यावर फोटोग्राफर लगेच काम करू शकतो. कापलेली चौकट, रंग आणि उजेड बऱ्याचदा सुधारतात. नजर, हात आणि उभं राहण्याची जागा सुधारत नाही. त्यामुळे या तीन गोष्टी लग्नाच्या आधीच बोलून घ्यायच्या.

घरात मतभेद झाले तर दोन फोटो निवडा. आई-बाबांना दोघं समोर बघणारी, दागिने पूर्ण दिसणारी चौकट हवी असते, कारण तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लागणार आणि येणारा-जाणारा बघणार. तुम्हाला एकमेकांकडे बघून हसतानाचा हवा असतो, कारण तो तुम्ही बघणार. दोन्ही मागण्या बरोबर आहेत. फक्त दोन्ही एकाच फोटोकडून करू नका.