जीप उंच करायची, पण आर्म लांब कशाला? लाँग आर्म लिफ्ट किट निवडण्याआधी हे समजून घ्या

अमेरिकेतल्या युटा राज्यातलं मोआब हे छोटं गाव तिथल्या लालसर खडकांमुळे जगभरातल्या जीपप्रेमींना माहीत आहे. १९६७ पासून इथे ईस्टरच्या सुमारास ‘ईस्टर जीप सफारी’ भरते. तिथले व्हिडिओ आपल्या मोबाइलवरही येतात: एक चाक खडकावर, दुसरं खड्ड्यात, आणि तरीही जीप आरामात पुढे सरकतेय. खाली कमेंट्समध्ये हमखास एक प्रश्न असतो, “कोणतं लिफ्ट किट लावलंय?” आणि उत्तर बरेचदा येतं, “लाँग आर्म.”

मग अनेकांचा समज होतो की लाँग आर्म म्हणजे सगळ्यात उंच किट, आणि उंच म्हणजे चांगलं. प्रत्यक्षात लाँग आर्म किटचा मुख्य संबंध उंचीशी नाही, कोनाशी आहे. हा फरक लक्षात आला की कोणाला हे किट हवं आणि कोणाला ते पैशांचा अपव्यय ठरेल, हे ठरवणं सोपं होतं.

आर्म म्हणजे नेमकं काय?

जीप रँग्लरमध्ये पुढे आणि मागे अखंड ॲक्सल असतो, म्हणजे डावं आणि उजवं चाक एकाच मजबूत दांड्याने जोडलेलं. १९९७ साली आलेल्या ‘टीजे’ मॉडेलपासून रँग्लरमध्ये पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आल्या. त्याआधीच्या ‘वायजे’ मॉडेलमध्ये पाटेच होते.

पाटा एकाच वेळी दोन कामं करतो. वजन पेलतो आणि ॲक्सल जागेवर धरूनही ठेवतो. कॉइल स्प्रिंग मात्र फक्त वजन पेलते. ॲक्सल पुढे-मागे सरकू नये आणि स्वतःभोवती फिरू नये म्हणून तो चासीला लोखंडी दांड्यांनी जोडावा लागतो. हेच कंट्रोल आर्म. प्रत्येक ॲक्सलला दोन खालचे आणि दोन वरचे असे चार आर्म असतात. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, तो ट्रॅक बार. टीजेनंतरच्या ‘जेके’ आणि ‘जेएल’ या मॉडेल्समध्येही मूळ रचना हीच आहे.

उंची वाढली की काय बिघडतं?

कंपनीतून आलेल्या गाडीत हे आर्म जमिनीला जवळपास समांतर असतात. लांब स्प्रिंग टाकून गाडी उंच केली की चासी वर जाते, ॲक्सल मात्र खालीच राहतो. साहजिकच आर्म तिरपे होतात.

एक साधं गणित पाहू. समजा आर्म १६ इंच लांब आहे आणि सुरुवातीला अगदी आडवा आहे. गाडी ४ इंच उंच केली तर तो साधारण साडेचौदा अंशांनी तिरपा होईल. त्याच जागी ३२ इंचांचा आर्म असेल, तर कोन फक्त सात अंशांच्या आसपास राहील.

आता खड्ड्यात चाक आणखी ४ इंच खाली गेलं असं समजा. १६ इंची आर्मचा कोन थेट ३० अंशांवर जातो आणि ॲक्सल आपल्या मूळ जागेपासून दोन इंचांपेक्षा जास्त सरकतो. ३२ इंची आर्मचा कोन साडेचौदा अंश होतो आणि ॲक्सल साधारण एकच इंच सरकतो.

आखूड आर्म जास्त तिरपे झाले की चालकाला हे त्रास जाणवतात:

• धक्के वाढतात. पुढच्या चाकाखाली दगड आला की चाकाने सरळ वर जायला हवं. पण आर्म तिरपा असल्यामुळे वर जाताना ॲक्सल थोडा पुढे, म्हणजे दगडाच्याच दिशेने ढकलला जातो. तो धक्का आर्ममधून थेट चासीला बसतो.

• स्टिअरिंग सैल वाटतं. आर्मच्या कोनाबरोबर ॲक्सलही थोडा फिरतो आणि ‘कॅस्टर’ कमी होतो. कॅस्टर म्हणजे चाक वळवून सोडल्यावर आपोआप सरळ येण्याचा गुण. तो कमी झाला की हायवेवर गाडी सतत इकडे-तिकडे भटकते.

• चढावर मागचा भाग उड्या मारतो. मागचे आर्म खूप तिरपे असतील तर जोर दिल्यावर गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, चाकांची पकड सुटते, पुन्हा बसते, पुन्हा सुटते.

लांब आर्म हे तिन्ही त्रास कमी करतो. व्हिडिओतली जीप सहज चालताना दिसते त्यामागे उंचीपेक्षा या कोनाचा वाटा मोठा असतो.

लांब आर्मची किंमत फक्त पैशांत नसते

फायदा एवढा असेल तर कंपनीच लांब आर्म का लावत नाही? कारण त्याच्या बदल्यात काही गोष्टी सोडाव्या लागतात.

आर्म लांब झाला की चासीवरची त्याची जोडणी गाडीच्या पोटाच्या मध्याकडे सरकते. म्हणजे चाक आणि पोट यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक लांब दांडा येतो. मोठा दगड पोटाखालून काढताना हाच दांडा आधी घासतो. लांब दांडा वाकण्याची शक्यताही जास्त, म्हणून तो जाड आणि जड करावा लागतो.

दुसरं म्हणजे बहुतेक लाँग आर्म किटमध्ये चासीवरच्या मूळ जोडण्या कापून नव्या वेल्ड कराव्या लागतात. काही किट बोल्टने बसतात, पण गाडी पुन्हा मूळ स्थितीत आणणं तिथेही सोपं नसतं. साधं किट आवडलं नाही तर काढून ठेवता येतं, हे तसं नाही.

१९८४ ते २००१ या काळातल्या जीप चेरोकी ‘एक्सजे’ला तर वेगळी चासीच नाही, तिची बॉडी हीच तिची चासी. अशा गाडीत लांब आर्म लावण्याआधी खालचा पत्रा मजबूत करावा लागतो, नाहीतर जोडणीच्या जागी तडे जातात.

आधी टायर ठरवा, मग उंची

किट निवडताना बहुतेक लोक उंचीपासून सुरुवात करतात. खरी सुरुवात टायरपासून व्हायला हवी.

स्प्रिंगमुळे चासी उंच होते, ॲक्सल नाही. गाडीतला खडकावर आपटणारा एक खालचा भाग म्हणजे ॲक्सलमधला डिफरेन्शियलचा गोळा, आणि तो फक्त मोठ्या टायरमुळेच वर जातो. ३१ इंचांऐवजी ३५ इंची टायर लावला तर व्यासातला फरक ४ इंच, पण ॲक्सल वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे २ इंच. लिफ्ट किटचं एक मोठं काम या टायरसाठी जागा करून देणं हे असतं.

नव्या जेएल रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत कंपनीच ३३ इंची टायर देते. जास्तीची मोठी जागा मुळातच असल्यामुळे या गाडीला टीजेइतकी उंची वाढवावी लागत नाही. शिवाय जेके आणि जेएलचे मूळ आर्म टीजेपेक्षा लांब आहेत. म्हणून एका मॉडेलसाठी दिलेला सल्ला दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो, हेही विसरू नये. आडव्या उतारावर उंच गाडी लवकर कलंडते. टायर बसण्यापुरती उंची घ्यावी, त्याहून एक इंचही जास्त नको, हा जुन्याजाणत्या ऑफरोडर्सचा सल्ला याचसाठी असतो.

तीन पर्याय, तीन प्रकारचे चालक

१. आखूड आर्मचं किट. साधारण अडीच-तीन इंचांपर्यंतच्या लिफ्टसाठी हे बहुधा पुरतं. लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म घेतले तर कॅस्टर पुन्हा जुळवता येतो. रोज ऑफिसला जाणारी आणि महिन्यातून एखाद-दोनदा मातीत उतरणारी गाडी असेल, तर इथेच थांबणं शहाणपणाचं.

२. ड्रॉप ब्रॅकेट. इथे आर्म मूळचेच राहतात, पण त्यांची चासीवरची जोडणी एका ब्रॅकेटने खाली आणली जाते. कोन सुधारतो, हायवेवर गाडी छान चालते आणि खर्चही कमी. तोटा एवढाच की ब्रॅकेट खाली लोंबतं आणि खडकात अडकतं. लांबचा प्रवास जास्त आणि खडक कमी, अशांसाठी हा चांगला मार्ग.

३. लाँग आर्म किट. चार इंच किंवा त्याहून जास्त लिफ्ट, मोठे टायर आणि खरोखरची खडकांवरची वाट, हे तिन्ही असतील तेव्हाच याचा पूर्ण उपयोग होतो. कॅलिफोर्नियातला सुमारे ३५ किलोमीटरचा रुबिकॉन ट्रेल ही अशा वाटेची खूण.

किट घेताना काय तपासायचं?

आर्मची रचना: ‘रेडियस आर्म’ प्रकारात वरचा आर्म चासीला न जोडता खालच्या आर्मलाच जोडलेला असतो. रचना सोपी आणि जागा कमी लागते, पण दोन्ही चाकं उलट दिशांना गेली की आर्म एकमेकांना अडवतात. ‘थ्री लिंक’मध्ये वरचा एकच आर्म असल्यामुळे ॲक्सल मोकळेपणाने हलतो, मात्र त्या एका आर्मवर आणि त्याच्या जोडणीवर बराच ताण येतो. ‘फोर लिंक’मध्ये ताण वाटला जातो, पण सगळं बसवायला जागा लागते.

टोकांचे जोड: रबरी बुश शांत असतात आणि धक्के गिळतात, पण कमी फिरतात. सगळीकडून धातूचे गोल जोड भरपूर फिरतात, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडखडाट आत पोचवतात आणि लवकर झिजतात. रोजच्या गाडीत चासीच्या बाजूला एक आणि ॲक्सलच्या बाजूला दुसरा, असा मेळ अनेक जण घालतात.

बाकीचे भाग: नुसते आर्म आणि स्प्रिंग म्हणजे किट नव्हे. योग्य लांबीचे शॉक ॲब्सॉर्बर, लांब ब्रेक पाइप, बम्प स्टॉप, अँटी-रोल बारचे लिंक आणि लांबी जुळवता येणारा ट्रॅक बार यादीत आहे का, ते पाहा. ब्रेक पाइप आखूड राहिला आणि चाक खाली गेल्यावर तुटला, तर डोंगरात ब्रेकच नाही.

प्रोपेलर शाफ्ट: गाडी उंच झाली की शाफ्टचाही कोन वाढतो. लहान व्हीलबेसच्या टीजेमध्ये मागचा शाफ्ट आखूड असल्यामुळे हा त्रास लवकर येतो आणि गाडी थरथरते. अशा वेळी शाफ्ट आणि ट्रान्सफर केसचा मागचा जोडही बदलावा लागतो. हा खर्च किटच्या किमतीत धरलेला नसतो.

‘डेथ वॉबल’चा इशारा

अखंड पुढच्या ॲक्सलच्या गाड्यांमध्ये एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग अचानक जोरजोरात डावी-उजवीकडे हलू लागतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. यालाच डेथ वॉबल म्हणतात. मूळ कारण बहुधा सैल ट्रॅक बार, झिजलेले बुश, बॉल जॉइंट किंवा नीट न बसलेले बोल्ट हे असतं. लिफ्टनंतर कॅस्टर न जुळवल्यास त्यात भर पडते. म्हणून किट बसवल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी आणि काही शे किलोमीटर चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा ठरलेल्या ताकदीने आवळावेत.

आपल्याकडे काय?

जेएल रँग्लर २०२१ पासून पुण्याजवळच्या रांजणगावात जोडली जाते, त्यामुळे वरची सगळी चर्चा तिला लागू पडते. महिंद्रा थारचं मात्र तसं नाही. २०२० च्या थारमध्ये मागे अखंड ॲक्सल असला, तरी पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. जीपसारखे लाँग आर्म तिला पुढे बसतच नाहीत. मारुती जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आहेत, पण तिची आर्मची रचना वेगळी, म्हणून जीपचं किट तिलाही चालणार नाही.

त्याहून मोठा मुद्दा कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यावरही प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून चासी कापण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे लेखी चौकशी करणं हाच सुरक्षित मार्ग.

थोडक्यात, क्रम असा ठेवा: गाडी कुठे चालणार, त्यासाठी टायर किती मोठा, त्या टायरला उंची किती, आणि त्या उंचीला आर्मचा कोन किती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘फार तिरपा’ असं आलं, तरच लाँग आर्म किटचा विचार करावा. तसं नसेल तर तेच पैसे चांगल्या टायरवर, शॉक ॲब्सॉर्बरवर आणि खालच्या संरक्षक पत्र्यांवर खर्च केले, तर गाडी जास्त लांब जाईल आणि सुखरूप परतही येईल.