धिस टाइम बाय बेसी!

धिस टाइम बाय बेसी! हा अमेरिकन पियानोवादक व वाद्यवृंदप्रमुख काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाचा जॅझ अल्बम आहे. 'हिट्स ऑफ द फिफ्टीज अँड सिक्स्टीज' हे त्याचे उपशीर्षक असून तो रिप्राइज रेकॉर्ड्स या कंपनीने इ.स. १९६३ मध्ये प्रकाशित केला. त्याचे ध्वनिमुद्रण जानेवारी १९६३ मध्ये न्यूयॉर्क येथे झाले. संगीत संयोजन क्विन्सी जोन्स यांचे आहे. रंगमंचीय संगीतिका, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि रेडिओवर गाजलेली लोकप्रिय गीते यांतून निवडलेल्या दहा रचना या अल्बममध्ये गायनाविना, केवळ वाद्यांवर सादर केल्या आहेत. या अल्बमशी संबंधित कामाला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. मोठ्या वाद्यवृंदांचा काळ ओसरल्यानंतर असा वाद्यवृंद कशाच्या आधारे टिकून राहिला, हे समजून घेण्यासाठी हा अल्बम महत्त्वाचा मानता येतो.

पार्श्वभूमी

ट्रम्पेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन यांचे स्वतंत्र विभाग आणि त्यांना साथ देणारा पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा तालविभाग अशी रचना असलेल्या साधारण सोळा-सतरा वादकांच्या जॅझ वाद्यवृंदाला 'बिग बँड' म्हणतात. इ.स. १९३५ ते १९४५ या दशकात अमेरिकेतील नृत्यगृहांमध्ये या वाद्यवृंदांचे वर्चस्व होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनेक वादक सैन्यात गेले आणि प्रवासावर निर्बंध आले. त्यातच १९४४ मध्ये नृत्य व गायन असलेल्या करमणूक स्थळांवर जबर संघीय कर बसला. युद्धानंतर श्रोत्यांचा ओढा गायकांकडे वळला. एवढ्या वादकांचे वेतन व प्रवासखर्च भागवणे कठीण होत गेले आणि बहुतेक मोठे वाद्यवृंद विसर्जित झाले.

काउंट बेसी (मूळ नाव विल्यम जेम्स बेसी, १९०४-१९८४) यांनाही हे चुकले नाही. १९३५ मध्ये कॅन्सस सिटी येथे उभा केलेला आपला वाद्यवृंद मोडून १९५० मध्ये त्यांना लहान संचावर समाधान मानावे लागले. १९५२ मध्ये त्यांनी पुन्हा मोठा वाद्यवृंद उभारला. पहिला वाद्यवृंद वादकांनी तालमीत तोंडी रचलेल्या मांडणीवर व लेस्टर यंग यांच्यासारख्या एकलवादकांवर उभा होता. दुसऱ्या वाद्यवृंदात लिखित संयोजनाला आणि विभागांच्या एकजिनसी वादनाला प्राधान्य मिळाले. त्यामुळे नील हेफ्टी, फ्रँक फॉस्टर, क्विन्सी जोन्स या संयोजकांचे महत्त्व वाढले.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉक अँड रोल आणि रिदम अँड ब्लूज या प्रकारांनी तरुण श्रोतृवर्ग आपल्याकडे खेचला. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये बेसी यांच्या वाद्यवृंदाने गायक फ्रँक सिनात्रा यांच्याबरोबर प्रथमच एक संपूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित केला. सिनात्रा यांनी १९६० मध्ये स्थापन केलेली रिप्राइज ही कंपनीच 'धिस टाइम बाय बेसी!'ची प्रकाशक होय.

क्विन्सी जोन्स

या ध्वनिमुद्रणाच्या वेळी क्विन्सी जोन्स (१९३३-२०२४) २९ वर्षांचे होते. ते किशोरवयापासून बेसी यांच्या परिचयातले होते आणि १९५९ च्या 'बेसी वन मोअर टाइम' या अल्बममधील सर्व रचना त्यांच्याच होत्या. त्यापूर्वी पॅरिसमध्ये त्यांनी नादिया बुलांजे यांच्याकडे संगीतरचनेचा अभ्यास केला होता.

मोठा वाद्यवृंद चालवण्यातील आर्थिक धोका जोन्स यांनी स्वतः अनुभवला होता. 'फ्री अँड ईझी' या संगीतिकेसाठी जमवलेला वाद्यवृंद घेऊन ते युरोपात गेले. १९६० च्या प्रारंभी पॅरिसमध्ये तो प्रयोग बंद पडला. तरीही त्यांनी अनेक महिने वादकांना एकत्र ठेवून युरोपभर कार्यक्रम केले आणि अखेरीस मोठे कर्ज घेऊन ते मायदेशी परतले. त्यानंतर त्यांनी मर्क्युरी रेकॉर्ड्समध्ये नोकरी पत्करली. तेथे लेस्ली गोर या किशोरवयीन गायिकेचे 'इट्स माय पार्टी' हे १९६३ मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचलेले गीत त्यांनीच निर्माता म्हणून ध्वनिमुद्रित केले. जॅझचे शिक्षण व लोकप्रिय संगीताच्या बाजारपेठेची जाण या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र आल्या होत्या.

रचना

अल्बममधील दहा रचना मूळ स्रोतानुसार पुढीलप्रमाणे आहेत.

• संगीतिका : 'व्हॉट काइंड ऑफ फूल अ‍ॅम आय?' हे गीत लेस्ली ब्रिकस व अँथनी न्यूली यांच्या 'स्टॉप द वर्ल्ड – आय वाँट टू गेट ऑफ' या संगीतिकेतील आहे. ही संगीतिका १९६१ मध्ये लंडनमध्ये व १९६२ मध्ये ब्रॉडवेवर आली.

• दूरचित्रवाणी : 'धिस कुड बी द स्टार्ट ऑफ समथिंग बिग' हे स्टीव्ह अ‍ॅलन यांचे गीत दूरचित्रवाणीसाठी केलेल्या एका संगीतिकेतून आले.

• चित्रपट : 'मून रिव्हर' (संगीत हेन्री मॅन्सिनी, गीत जॉनी मर्सर) हे १९६१ च्या 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' या चित्रपटातील ऑस्कर विजेते गीत आहे. 'थीम फ्रॉम द अपार्टमेंट' ही बिली वाइल्डर यांच्या १९६० च्या चित्रपटातील धून आहे. ती चार्ल्स विल्यम्स यांनी त्याआधीच रचलेली होती.

• गायकांमुळे गाजलेली गीते : 'आय लेफ्ट माय हार्ट इन सॅन फ्रान्सिस्को' (जॉर्ज कोरी व डग्लस क्रॉस) हे टोनी बेनेट यांच्या १९६२ च्या ध्वनिमुद्रणामुळे सर्वतोमुखी झाले. 'नाइस अँड ईझी' सिनात्रा यांनी १९६० मध्ये गायले.

• रे चार्ल्स यांच्याशी निगडित रचना : 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' हे मूळचे कंट्री गायक डॉन गिब्सन यांचे गीत असून रे चार्ल्स यांची आवृत्ती १९६२ मध्ये अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचली. 'वन मिंट जुलेप' हे क्लोव्हर्स या गायकवृंदाचे १९५२ मधील गीत आहे. १९६१ मध्ये चार्ल्स यांनी ते ऑर्गनवर सादर केले. त्या अल्बममध्ये बेसी यांचे अनेक वादक सहभागी होते आणि संयोजकांत जोन्सही होते.

• वाद्यरचना : 'द स्विंगिंग शेफर्ड ब्लूज' ही कॅनडाचे बासरीवादक मो कॉफमन यांची, तर 'वॉक, डोंट रन' ही जॅझ गिटारवादक जॉनी स्मिथ यांची रचना आहे. नंतरची रचना व्हेंचर्स या रॉक गटाने १९६० मध्ये लोकप्रिय केली.

संगीताचे स्वरूप

संगीतिकेतील गीते घेणे जॅझमध्ये नवे नव्हते. मराठी नाट्यपदे जशी रंगभूमीवरून मैफलीत आली, तशीच जॉर्ज गर्श्विन, रिचर्ड रॉजर्स, कोल पोर्टर यांची गीते १९३० च्या दशकापासून जॅझ वादकांच्या नित्याच्या संग्रहात होती. या अल्बमचे वेगळेपण स्रोतांच्या विस्तारात आणि काळाच्या जवळिकीत आहे. कंट्री, रिदम अँड ब्लूज व गिटारप्रधान रॉक यांतील रचना येथे ब्रॉडवेच्या गीताशेजारी बसल्या आहेत. त्यांपैकी काही तर ध्वनिमुद्रणाच्या वर्षभर आधीच गाजल्या होत्या, त्यामुळे गायकाचा मूळ आवाज श्रोत्यांच्या कानांत ताजा होता.

गायक नसल्यामुळे त्या आवाजाची जागा वाद्यविभागांना भरून काढावी लागते. मुख्य स्वरावली सॅक्सोफोन विभाग एकमुखाने मांडतो, पितळी वाद्ये तिला उत्तर देतात आणि मधल्या जागांत बेसी यांचा पियानो मोजक्या स्वरांनी बोलतो. कमीत कमी स्वर वाजवून ठेक्याला वाव देणे ही बेसी यांच्या वादनाची ओळख होती. त्यांच्यामागे गिटारवादक फ्रेडी ग्रीन प्रत्येक मात्रेवर समान वजनाचा ठेका धरत. १९३७ मध्ये वाद्यवृंदात आलेले ग्रीन विद्युत ध्वनिवर्धनाविनाच गिटार वाजवत. हा तालविभाग कायम राहिल्याने गीत कोठूनही आलेले असले तरी चाल बेसींच्या वाद्यवृंदाचीच राहते.

या काळात वाद्यवृंदात सॅक्सोफोनवर मार्शल रॉयल, फ्रँक फॉस्टर, फ्रँक वेस, एरिक डिक्सन व चार्ली फाउल्क्स आणि ड्रमवर सॉनी पेन हे वादक होते. वेस व डिक्सन बासरीही वाजवत.

पुरस्कार

१९६४ मध्ये झालेल्या सहाव्या ग्रॅमी समारंभात या अल्बमला नृत्यासाठीच्या वाद्यवृंदाच्या सर्वोत्कृष्ट वादनाचा पुरस्कार मिळाला. 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' या रचनेसाठी क्विन्सी जोन्स यांना सर्वोत्कृष्ट वाद्यसंगीत संयोजनाचा पुरस्कार देण्यात आला. हा त्यांचा पहिला ग्रॅमी होय. अल्बमचा गौरव जॅझ विभागात न होता नृत्यसंगीत विभागात झाला, यावरून त्याच्याकडे मुख्यतः कसे पाहिले गेले हे दिसते.

नंतरचा काळ

या यशानंतर अशा अल्बमांची मालिकाच सुरू झाली. बेसी यांचे 'मोअर हिट्स ऑफ द फिफ्टीज अँड सिक्स्टीज' (१९६३), 'पॉप गोज द बेसी' (१९६५), बीटल्स यांच्या गीतांवरील 'बेसीज बीटल बॅग' (१९६६) आणि ब्रॉडवे व हॉलिवूडच्या गीतांवरील अल्बम याच धर्तीचे आहेत. ड्यूक एलिंग्टन यांनीही रिप्राइजसाठी 'एलिंग्टन ६५' व 'एलिंग्टन ६६' हे लोकप्रिय गीतांचे अल्बम केले. जोन्स यांनी पुढे १९६४ मध्ये सिनात्रा व बेसी यांच्या 'इट माइट अ‍ॅज वेल बी स्विंग' या अल्बमचे संयोजन केले.

अशा अल्बमांवर बाजारपेठेशी तडजोड केल्याचा आक्षेप घेतला जातो. एकलवादनाला मिळणारा अल्प अवकाश आणि रेडिओला सोयीची आटोपशीर लांबी यांमुळे तो सर्वस्वी निराधार ठरत नाही. घाईने केलेल्या नंतरच्या अल्बमांना तो अधिक लागू पडतो. तथापि, या मार्गाने मिळालेल्या कामामुळे सोळा-सतरा वादकांचा संच एकत्र राहिला, ही बाब मूल्यमापनात वगळता येत नाही. १९७० च्या दशकात नॉर्मन ग्रान्झ यांच्या पाब्लो रेकॉर्ड्ससाठी बेसी पुन्हा मुक्त एकलवादनाच्या जॅझकडे वळले, तेव्हा त्यांचा मोठा वाद्यवृंद अस्तित्वात होता. १९८४ मध्ये बेसी यांचे निधन झाल्यानंतरही तो कार्यरत राहिला.