सवलतीचा बांबू

‘अनुदान’ म्हटले की आपल्याला हात पसरणारा शेतकरी आठवतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला शासनाने वर्षानुवर्षे सवलतीच्या दराने बांबू दिला. १९२७ च्या वन कायद्यात बांबू ‘वृक्ष’ असल्याने गावकऱ्याने तो विक्रीसाठी तोडणे मात्र गुन्हा ठरे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले. २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. कारखान्याची सवलत ‘विकास’ म्हणवली गेली, गावाचा हक्क ‘उपकार’. शब्दांची ही वाटणी कोणी केली, हे कागदावर जगणाऱ्या आपण साहित्याभ्यासकांनी तरी विचारायला हवे.