राजूरकर, मालिनी

राजूरकर, मालिनी : (८ जानेवारी १९४१ – ६ सप्टेंबर २०२३). ग्वाल्हेर घराण्याच्या ख्यालगायिका. टप्पा हा अवघड आणि मागे पडत चाललेला गायनप्रकार ज्यांनी मैफलीत टिकवला, त्यांत त्यांचे नाव आधी घ्यावे लागते.

बालपण राजस्थानात गेले. अजमेरच्या सावित्री कन्या महाविद्यालयातून त्यांनी गणिताची पदवी घेतली आणि त्याच संस्थेत तीन वर्षे गणित शिकवले. पुढे तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली आणि अजमेरच्याच संगीत महाविद्यालयातून त्या ‘संगीत निपुण’ झाल्या. तालीम गोविंदराव राजूरकर आणि त्यांचे पुतणे वसंतराव यांची. वसंतरावांशीच पुढे विवाह झाला आणि संसार हैदराबादला थाटला. घर असे दूर. पण मुंबईचे गुणिदास संमेलन आणि पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव यांतून मराठी श्रोत्यांनी त्यांना आपले मानले.

टप्प्याचे मूळ पंजाबातील उंटवाल्यांच्या गाण्यात सांगतात. अठराव्या शतकात लखनौच्या शोरी मियाँने त्याला दरबारी रूप दिले आणि ग्वाल्हेरच्या गवयांनी तो जपला. ख्यालात राग सावकाश उलगडतो, तान मागाहून येते. टप्प्यात ती उसंत नाही. पंजाबी शब्दांचा मुखडा उचलला की लगेच जमजमा, खटके, मुरक्या आणि मध्येच तुटून वळणाऱ्या ताना. गळा कितीही तयार असला तरी समेचे भान सुटले की सारे विस्कटते. मालिनीबाईंच्या टप्प्यात मात्र ही धावपळ दिसतच नसे. दाणा न् दाणा सुटा, आणि सम जणू वाटेतच भेटली. त्यांच्या गणिताशी याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो फार ताणू नये. गणित येणारे पुष्कळ, असा टप्पा गाणारे मोजके.

भैरवीतला त्यांचा टप्पा रसिकांना विशेष प्रिय. त्यांचे तराणेही तितकेच गाजले. चारुकेशी, सलग वराळी, बसंत मुखारी हे राग अनेकांच्या कानात बसले ते त्यांच्याच आवाजात. ‘संगीत सौभद्र’ आणि ‘संगीत स्वयंवर’ या नाटकांतील त्यांनी गायलेली नाट्यपदे घराघरांत पोचली. रंगभूमीवर पाऊल न ठेवता नाट्यपदासाठी ओळखले जाणे ही तशी मराठीच गंमत.

मंचावर साधी साडी, हातवारे नाहीत, मुद्रेवर श्रम नाही. प्रसिद्धीची हौस त्यांना नव्हती. बाजारात आलेल्या ध्वनिफितींपेक्षा मैफलींची ध्वनिमुद्रणेच रसिकांच्या हातून हाती फिरत राहिली. त्यांची खरी ओळख तिथे होते, कारण गाणे रंगत जाताना श्रोत्यांची दादही त्यांत ऐकू येते.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना २००१ मध्ये मिळाला. हा मान बराच उशिरा आला, असे म्हणायला हरकत नाही.

वयाच्या ८२व्या वर्षी हैदराबादला त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहदान करण्यात आले.